बरगडी नको, दाढ आणि मांडीचं हाड द्या: हाडातून डीएनए काढण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा. पाटण तालुक्यात ओढ्याकाठी, पावसाळा सरल्यावर, एका पुरुषाचा सांगाडा सापडला. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन झालं. बरगडीचा तुकडा आणि छातीचं मधलं हाड (उरोस्थी) फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून डीएनएसाठी रवाना केलं. काही महिन्यांनी अहवाल आला, 'डीएनए मिळाला नाही'. गावातल्या एका बेपत्ता माणसाची आई आणि सख्खा भाऊ हयात आहेत. उरलेला सांगाडा बेवारस म्हणून पुरलेला आहे. आता काय करता येईल, कुठलं हाड द्यायचं, आणि प्रयोगशाळेत हाडाचं नेमकं होतं काय? विचारणारे स्वतः वैद्यकीय अधिकारी आहेत, म्हणून उत्तर तपशिलात देतो.

आधी त्या अहवालाचा अर्थ. 'मिळाला नाही' म्हणजे त्या बरणीतल्या त्या तुकड्यातून मिळाला नाही, एवढंच. सांगाड्यात डीएनए उरलेला नाही असं त्यातून निघत नाही. आई आणि भाऊ नमुना द्यायला तयार असतील, तर हे प्रकरण मिटलेलं नाही.

फॉर्मॅलिनने काय बिघडलं ते समजून घ्या, कारण ही चूक आपल्याकडे वारंवार होते. व्हिसेरा (पोटातले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, ही सवय हाताला लागलेली असते. त्याच हाताने हाडही बरणीत जातं. फॉर्मॅलिनमधलं फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनं आणि डीएनए यांना एकमेकांत घट्ट सांधून टाकतं. शिवाय आम्लता स्थिर ठेवणारं बफर नसलेलं फॉर्मॅलिन ठेवून ठेवून आंबतं, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं. ते हाडातलं खनिज विरघळवतं आणि डीएनएची साखळीही तोडतं. आठवडा-दोन आठवडे असं भिजलेलं बरगडीचं हाड म्हणजे जवळजवळ हातचं गेलेलं हाड.

आता हाडात डीएनए असतो कुठे ते पाहू. पुढची प्रत्येक पायरी त्यावरच बेतलेली आहे. घट्ट हाडात सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक हाडपेशी बसलेली असते. माणूस गेल्यावर पेशी फुटते, पण तिचा डीएनए आजूबाजूच्या हायड्रॉक्सिअपॅटाइट या कॅल्शियमच्या खनिजाला चिकटतो. खनिजाने धरून ठेवलेल्या डीएनएपर्यंत जिवाणूंची विकरं (एन्झाइम) आणि पाणी सहजी पोचत नाहीत. म्हणजे हाड जितकं घट्ट तितका डीएनए सुरक्षित. आणि तो बाहेर काढायचा तर खनिज पूर्ण विरघळवावं लागतं. बरगडी आणि उरोस्थी ही पातळ सालीची, आतून जाळीदार हाडं. मुरलेल्या पाण्याने ती आधी पोखरली जातात. ताज्या मृतदेहात तीच चालतात, जुन्या सांगाड्यात त्यांच्या भरवशावर राहू नये.

जागेचाही मोठा वाटा आहे. पाटण-महाबळेश्वरच्या डोंगरपट्ट्यात जांभ्याची लाल, आम्लधर्मी माती आणि धो धो पाऊस. आम्ल खनिज विरघळवतं, वाहतं पाणी ते घेऊन जातं, आणि त्याला धरून बसलेला डीएनए उघडा पडतो. जत-आटपाडीकडच्या चुनखडीच्या कोरड्या जमिनीत तेच हाड कितीतरी चांगलं टिकतं. वाळवा-पलूसच्या मळीच्या काळ्या जमिनीत खनिज बऱ्यापैकी राहतं, पण ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली) हाडात मुरतात आणि ती पुढे पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला, आडवी येतात. क्षारपड रानात वर्षातून अनेकदा हाड भिजतं आणि वाळतं. नुसतं पाण्यात राहण्यापेक्षा हे वाईट. म्हणून हाड कुठल्या मातीतून निघालं हे मुद्देमालाच्या पत्रात लिहिलेलं असलं की प्रयोगशाळेचा अर्धा अंदाज तिथेच बांधून होतो.

तर कुठलं हाड? तुमच्या प्रकरणात माझी पहिली पसंती कानामागच्या शंखास्थीच्या पेट्रस भागाला. आतल्या कानाभोवतीचं ते हाड शरीरातल्या सगळ्यात घट्ट हाडांपैकी एक. कवटी शाबूत असेल तर ती जपून करवतीने उघडून एका बाजूचा पेट्रस काढता येतो. दुसरी बाजू तशीच राखून ठेवा. त्याच्या बरोबरीने दाढा: किडलेल्या नाहीत, चांदी-सिमेंट भरलेलं नाही, अशा २ ते ४. दातातला डीएनए मुळांमध्ये, म्हणजे मुळावरच्या सिमेंटमच्या थरात आणि आतल्या गाभ्यात जास्त असतो. त्यामुळे दोन-तीन मुळांची दाढ पुढच्या दातापेक्षा कामाची. दात उपटायच्या आधी सगळ्या दातांचा तक्ता आणि फोटो झालेच पाहिजेत, नाहीतर दंतवैद्याच्या जुन्या नोंदींशी पडताळणीचा मार्ग बंद होतो. तिसरं, मांडीच्या हाडाचा मधला घट्ट भाग, आणि तो नसेल तर नडगी. पायाच्या पंजाची लहान हाडंही पुष्कळदा आश्चर्यकारक चांगला डीएनए देतात, विशेषतः बुटात राहिलेली. पाय बुटात सापडला तर ती फेकू नका.

मांडीचं हाड आडवं आरपार कापू नका. उंचीचा अंदाज त्याच्या पूर्ण लांबीवरून काढतात. आधी मोजमाप आणि फोटो, मग मधल्या भागातून खिडकीसारखा ५-६ सेंटीमीटर लांबीचा तुकडा उभा काढा. घट्ट हाडाचा घन सेंटीमीटर साधारण २ ग्रॅमचा असतो. एका प्रयत्नाला अर्धा ग्रॅम भुकटी पुरते, पण दोन-तीन प्रयत्न आणि उद्या न्यायालयाने फेरतपासणी सांगितली तर त्यासाठी राखीव, असं धरून ५ ते १० ग्रॅम हाड द्यावं. बुडून मृत्यूची शंका असेल आणि डायटमच्या (पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांच्या) तपासणीसाठीही लांब हाड जाणार असेल तर ते दुसऱ्या बाजूचं, वेगळ्या पाकिटात द्या. डायटमच्या तपासणीत हाड तीव्र आम्लात पचवतात. त्यानंतर डीएनए शोधायला काही उरत नाही.

जळालेलं हाड असेल तर रंग पाहा. तपकिरी किंवा काळपट असेल तर आशा आहे. राखाडी झालं की ती झपाट्याने कमी होते. पांढरं, चिनीमातीसारखं टण्‌ वाजणारं हाड पाठवून फारसा उपयोग नाही. पाचट पेटवलेल्या उसाच्या फडातला सांगाडा बाहेरून भीषण दिसतो, पण आग वेगाने निघून गेलेली असते. दाढांची मुळं आणि पेट्रस आतून शाबूत सापडू शकतात.

हाड स्वच्छ करण्याच्या नादात ते उकळणं किंवा ब्लीचमध्ये भिजवून ठेवणं, दोन्ही टाळा. चिकटलेली माती मऊ कोरड्या ब्रशने झाडा, सावलीत पंख्याखाली २४ ते ४८ तास वाळू द्या, प्रत्येक हाड वेगळ्या कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी चढते. मांस शिल्लक असेल तर नमुना उणे २० अंशाला ठेवा. लाखेचं सील बाहेरच्या पाकिटावर, मेणबत्ती हाडापासून लांब. मास्क, दुहेरी हातमोजे. करवतीचं पातं दर हाडाला ताज्या १०% ब्लीचने, मग पाण्याने, मग ७०% अल्कोहोलने पुसायचं, कारण ब्लीच तसंच राहिलं तर पातंही गंजतं आणि नमुनाही खातं. हाड ज्यांनी ज्यांनी हाताळलं त्यांचे गालाचे स्वॅब पडताळणीसाठी द्यावेत, तुमचाही. यात संशय घेण्यासारखं काही नाही. अर्ध्या नॅनोग्रॅमच्या मागे लागलेल्या तपासणीत डॉक्टरांच्या शिंकेतला डीएनए हाडातल्या डीएनएपेक्षा जास्त भरू शकतो.

प्रयोगशाळेत हाड आलं की पहिलं काम वरचा थर काढण्याचं. छोट्या फिरत्या सॅंडरने १ ते २ मिलिमीटर थर घासून टाकतात, मग सौम्य हायपोक्लोराइट, शुद्ध पाणी आणि इथेनॉल असं थोडा वेळ धुऊन वाळवतात, आणि दोन्ही बाजूंनी अतिनील प्रकाश देतात. घासताना यंत्राचा वेग कमी ठेवावा लागतो. जळक्या केसांसारखा वास आला की हाड तापलं असं समजावं; तो वास कोलॅजनचा असतो, आणि कोलॅजन जळतंय म्हणजे डीएनएही तुटतोय.

मग भुकटी. द्रवरूप नायट्रोजनमध्ये हाड गोठवून बंद नळीत चुंबकाने हलणाऱ्या दांड्याने ते कुटतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी ज्या भांड्यात नायट्रोजन असतो तोच हा. बंद खोलीत तो वापरू नये. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो आणि माणूस गुदमरतो. भुकटी मैद्यासारखी बारीक हवी. रव्यासारखी राहिली तर आतलं खनिज विरघळत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त वेळ कुटत राहिलं तर डीएनएचे तुकडे आणखी लहान होतात. एक-दोन मिनिटांचे फेरे, मध्ये गारवा, हे बरं.

आता गाभा. अर्धा ग्रॅम भुकटी १५ मिलीच्या नळीत घ्यायची. त्यावर ७.५ मिली द्रावण: ०.५ मोलर ईडीटीए (कॅल्शियम धरून खनिज विरघळवणारं रसायन), सामू (पीएच) ८.०, त्यात १% लॉरॉइल सारकोसिन (साबणासारखं द्रव्य). प्रोटिनेज के हे विकर, २० मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीचं, २०० मायक्रोलिटर. ५६ अंशाला, सतत फिरवत, रात्रभर. ग्रॅमला १५ मिली हे प्रमाण कुठून आलं ते पाहण्यासारखं आहे. हाडाचा साधारण ६५ ते ७० टक्के भाग खनिज, त्यात सुमारे ४० टक्के कॅल्शियम. म्हणजे एक ग्रॅम हाडात साडेसहा ते सात मिलिमोल कॅल्शियम. ईडीटीएचा एक रेणू कॅल्शियमचा एक आयन धरतो. १५ मिलीत ईडीटीए साडेसात मिलिमोल. जेमतेम पुरतो! द्रावण वाचवायला अर्ध्या ग्रॅमचं काम ५ मिलीत उरकलं तर हाड अर्धवट विरघळतं, आणि तळाशी उरलेल्या भुकटीतच सगळ्यात सुरक्षित डीएनए अडकून राहतो. सकाळी नळीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ताजं द्रावण आणि विकर घालून पुन्हा काही तास ठेवावं.

ईडीटीएचं हे द्रावण नवशिक्यांना छळतं. डायसोडियम मीठ लिटरला १८६ ग्रॅम घातलं तरी ते विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड घालत सामू ८ च्या आसपास नेला की मगच पाणी स्वच्छ होतं. आणखी एक गोष्ट: प्रोटिनेज के स्थिर राहायला थोडं कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच काढून घेतो. विकर चालतं, पण मंदावतं. म्हणून हाडासाठी रक्तापेक्षा ते सढळ हाताने घालतात.

जुन्या पद्धतीत भुकटी ईडीटीएत दोन-तीन दिवस भिजवायची, दर दिवशी वरचं पाणी फेकायचं आणि उरलेल्या लगद्यातून डीएनए काढायचा, असं होतं. त्यात खनिजाबरोबर सुटलेला डीएनए मोरीत जायचा. आता विरघळवणं आणि पचवणं एकाच नळीत होतं आणि थेंबही फेकत नाहीत. जुन्या, झिजलेल्या हाडांचे निकाल सुधारण्यात या एका बदलाचा वाटा फार मोठा आहे.

शुद्धीकरणाच्या दोन वाटा. पहिली: फिनॉल, क्लोरोफॉर्म, आयसोअमाइल अल्कोहोल २५:२४:१, द्रावणाइतकंच, दोनदा किंवा मधला थर स्वच्छ होईपर्यंत. मग ३० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) गाळणीत सेंट्रिफ्यूजने आटवून टीई बफरने तीनदा धुवायचं. १०० किलोडाल्टनची गाळणी लवकर उरकते, पण हाडातले लहान तुकडे तिच्यातून निसटतात. आणि धुण्यात घाई नको. उरलेला ईडीटीए पीसीआरमधलं मॅग्नेशियम धरून बसतो आणि प्रतिक्रियाच होत नाही. दुसरी वाट सिलिकाची: आटवलेल्या द्रावणात त्याच्या किमान पाचपट ग्वानिडिनचा बंधक बफर घालून सिलिकाच्या स्तंभातून नेणे. इथे अडचण सामूची. सिलिकाला डीएनए चिकटायला सामू ७.५ किंवा कमी लागतो आणि आपलं ईडीटीए ८ चं. बफरमधल्या सामू-दर्शकाचा रंग पिवळा राहिला तर ठीक. नारिंगी किंवा जांभळा झाला तर ३ मोलर सोडियम ॲसिटेट, सामू ५.२, थोडं थोडं घालून पिवळ्यावर आणावा. हे न पाहता पुढे गेलं की डीएनए स्तंभातून सरळ वाहून जातो. काळ्या मातीतल्या हाडांना मी सिलिकाची वाट बरी मानतो, कारण ह्युमिक आम्लं फिनॉलने नीट जात नाहीत. शेवटचा अर्क ५० ते १०० मायक्रोलिटर. तो चहासारखा तांबूस दिसला तर अडथळा शिल्लक आहे.

प्रत्येक हाडाबरोबर हाड न घातलेली एक कोरी नळी याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायची. त्या नळीत मानवी डीएनए दिसला तर त्या खेपेचा निकाल देता येत नाही, मग तो कितीही सुंदर असो.

पुढे मोजणी. अर्कातला बहुतेक डीएनए जिवाणूंचा असतो, म्हणून साध्या यंत्रावर दिसलेला आकडा फसवा. मानवी डीएनएपुरतंच मोजणारा रिअल-टाइम पीसीआरच लागतो. क्वांटिफायलर ट्रायो या किटमध्ये ८० बेसचा लहान आणि २१४ बेसचा मोठा, असे दोन लक्ष्य तुकडे मोजतात. लहान भागिले मोठा, हा झिजेचा निर्देशांक. १ च्या आसपास असेल तर डीएनए धड, १० च्या वर गेला तर फार तुटलेला. सोबतच्या अंतर्गत नियंत्रणाची रेघ उशिरा आली तर अर्कात अडथळा आहे. मग अर्क पाच किंवा दहापट पातळ करणं, बोव्हाइन अल्ब्युमिन (अडथळा धरून ठेवणारं गाईचं प्रथिन) वाढवणं, किंवा सिलिकावर पुन्हा धुणं. आधी पातळ करून पाहावं, स्वस्त आणि पुष्कळदा पुरेसं. एका पेशीत डीएनए सुमारे ६.६ पिकोग्रॅम, नेहमीच्या एसटीआर (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजणाऱ्या) किटला अर्धा ते एक नॅनोग्रॅम लागतो, म्हणजे जेमतेम ७५ ते १५० पेशींचा.

झिजलेल्या हाडाच्या आलेखात लहान तुकड्यांची शिखरं उंच आणि मोठ्या तुकड्यांची खाली उतरत गेलेली दिसतात, घाटाच्या उतारासारखी. उजवीकडची काही स्थानं रिकामी राहतात. एका धावेवर विसंबून निकाल देऊ नये. दोन-तीनदा वाढवून जो अलील (एका स्थानावरचं रूप) किमान दोनदा दिसला तोच धरावा. एसटीआर अगदीच तुटपुंजं आलं तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरचा. त्याच्या प्रती पेशीत शेकड्यांनी असतात, म्हणून तो बराच नंतरपर्यंत टिकतो.

तुमच्या प्रकरणात नातेवाइकांचा संच चांगला आहे. आई आणि मुलगा प्रत्येक स्थानावर एक तरी अलील वाटून घेतात, क्वचित उत्परिवर्तन सोडलं तर. मायटोकॉन्ड्रियल डीएनएही आईकडूनच येतो. भावाकडून वाय गुणसूत्राची तुलना होते. यांतला एकेकटा पुरावा मात्र अपुरा. वाय सगळ्या भावकीत सारखाच चालत आलेला असतो. एकाच आडनावाच्या, एका मूळपुरुषाच्या गावात नुसती वाय जुळणी म्हणजे 'हा भावकीतला कोणीतरी' एवढंच. मायटोकॉन्ड्रियल जुळणीला मावशी, मावसभाऊ, मामा सगळे पात्र. तिन्ही मिळून आकडा मजबूत होतो. बेपत्ता माणसाला मूल असेल तर त्या मुलाचा आणि त्याच्या आईचाही नमुना घ्या. त्याने फार फरक पडतो. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल किंवा मागच्या पिढीत नात्यात सोयरीक असेल तर वंशावळीत ते स्पष्ट लिहा, कारण संभाव्यतेचं गणित त्याने बदलतं. रक्त २-३ मिली जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, बर्फाच्या डब्यात. किंवा एफटीए कार्डवर (डीएनए जपणाऱ्या खास कागदावर) पूर्ण वाळवून. हाडाच्या पाकिटाबरोबर एकाच खोक्यात नको.

आता करायचं काय ते. पुरलेला सांगाडा पुन्हा काढायला तपास अधिकाऱ्यांमार्फत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे आपल्याकडे बहुधा तहसीलदारांचा, आदेश लागेल. अकस्मात मृत्यूची नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली असेल. १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली. मागणीपत्रात पहिल्या नमुन्याचं फॉर्मॅलिन, जागेची माती, पाण्यात किती दिवस असावा याचा अंदाज, आणि दुसऱ्यांदा पुरल्याची तारीख लिहा. नव्या पाकिटांत एका बाजूचा पेट्रस, दोन दाढा आणि मांडीच्या हाडाची खिडकी, तिन्ही वेगवेगळं, कोरडं. बरणीतलं उरलेलं हाड परत मागवून मुद्देमालात जमा ठेवा, ते पुन्हा पाठवू नका. आणि उकरण्याचं काम वळवाच्या आत उरका. पाटणच्या मातीतला आणखी एक पावसाळा त्या मांडीच्या हाडाला परवडणारा नाही.